जुने रेडिएटर बसवण्यापूर्वी

महोदय,

घर उबदार ठेवण्यासाठी बिडाचे जुने रेडिएटर (पोकळ खण एकमेकांना जोडून केलेली, आतून गरम पाणी किंवा वाफ फिरवून खोली तापवणारी उपकरणे) पुन्हा वापरण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात त्यांच्या देखणेपणाचे कौतुक होते, तपासणीविषयी मात्र एक ओळही नव्हती. मी असा एक रेडिएटर बसवला, तेव्हा पाणी सोडताच दोन खणांमधल्या सांध्यातून थेंब ठिबकू लागले आणि तो उतरवून आडवा केल्यावर आतून काळाकुट्ट गाळ निघाला. आतून धुऊन आणि पाण्याचा दाब देऊन पारखल्याशिवाय तो जोडूच नये, हे मला फरशी पुसताना समजले.

वाफेवर चालणाऱ्या काही जुन्या रेडिएटरचे खण फक्त तळाशी जोडलेले असतात. त्यांत गरम पाणी फिरवल्यास प्रत्येक खणाच्या माथ्याशी हवा अडकते आणि ती बाहेर काढायला वाट नसते, म्हणून विकत घेतानाच वरचे सांधे आहेत का, हे पाहावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा घासू नये. चंदेरी रंगाचा मोहही टाळावा, कारण त्याने उष्णता कमी बाहेर पडते. बीड उशिरा तापते आणि उशिराच निवते. घटकाभर ऊब हवी असणाऱ्यांच्या ते कामाचे नाही.

– एक वाचक