हिरकणी कक्ष लॉबीत, आई रंगपटात : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

नाट्यगृहात कलावंत मातांसाठी हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, करून देऊ, असा शब्द आपण भर कार्यक्रमात माईकवरून दिला होता. कक्ष झाला. फीत कापली, फोटो छापून आले, आपले मनापासून आभार. फक्त तो झालाय लॉबीत, तिकीटखिडकीला लागून. कलावंत माता असते रंगपटात, पडद्याच्या पलीकडच्या मेकअपच्या खोलीत. हे आपल्या खात्यात कुणाला ठाऊक नसेल, यावर विश्वास ठेवायला आम्ही तयार आहोत. नाटक पाहायला आपण येता तेव्हाही दुसरा अंक सुरू होण्याआधी निघालेले असता.

मध्यंतर जेमतेम पंधरा मिनिटांचं. त्यातली पाच-सात साडी बदलण्यात जातात. ब्लाउज मागून हुकांचा, तो काढा-घालायला दुसरी बाई लागते. आतून माईक लावला असेल तर आधी त्याची वायर सोडवा, कमरेचा ट्रान्समीटर काढा. मग गंगावन, गजरा, तोंडाला मेकअप अशा अवतारात बटाटेवड्याच्या गर्दीतून, सेल्फी चुकवत लॉबी गाठायची, बाळाला पाजायचं आणि तिसऱ्या घंटेला विंगेत हजर व्हायचं. प्रसिद्धीचा हा एक फायदा आपण लक्षात घेतलेला दिसत नाही: लॉबीत आम्हाला सगळे ओळखतात.

मालिकेच्या सेटवर तर तोही कक्ष नाही. तान्हं बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. बारा तासांच्या शिफ्टला आईने निदान चार वेळा दूध काढायला हवं, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे तास-सव्वा तास. तेवढा वेळ कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकात, कुठेच नसतो. लंच ब्रेकला एकदाच उरकलं तर संध्याकाळपर्यंत छाती दगड होते, गाठी येतात, ताप भरतो. शिवाय दूध साचून राहिलं की शरीर ते बनवणंच कमी करतं. मग लोक म्हणतात, हिला दूधच नव्हतं. काढलेलं दूध पंचवीस अंशांच्या आसपास चार तास टिकतं, चांगल्या फ्रीजमध्ये चार दिवस. व्हॅनिटी व्हॅनमधल्या फ्रीजवर भिस्त ठेवावी, तर गाडी हलवताना जनरेटर बंद होतो आणि तो पुन्हा कधी लागला हे विचारायचं कुणाला? मेच्या उन्हात बंद व्हॅनमध्ये चार तासांचा हिशेबही चालत नाही. ते दूध ओतून द्यावं लागतं.

आता मातृत्व लाभाच्या कायद्याकडे येऊ, कारण आपण लगेच कायदा दाखवाल. सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी, पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघर. सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. रजेची मुख्य अट: आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ऐंशी दिवस काम झालेलं हवं. मालिकेतली मुलगी महिन्याला पंचवीस दिवस उभी असते, ऐंशी दिवस ती चौथ्या महिन्यातच ओलांडते. पण तिच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि त्या क्षणी ती कामगार उरत नाही, 'व्यावसायिक' होते. कॉल टाइम निर्माता ठरवणार, वजन चॅनेल ठरवणार, केस कापायला लेखी परवानगी घ्यायची, आणि व्यावसायिक मात्र आम्ही! गंमत म्हणजे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने 1973 च्या दुरुस्तीत घोडेस्वारीचे आणि कसरतींचे खेळ करणाऱ्या संस्थांची नावानिशी दखल घेतली होती. सर्कशीतली बाई कायद्याला दिसली. रोज रात्री आठ वाजता घराघरांत दिसणारी बाई दिसत नाही.

मानधन नव्वद दिवसांनी येतं. म्हणजे सातव्या महिन्यात काम थांबवलं तर त्याचा शेवटचा चेक बाळंतपणानंतर येणार. तोवर मालिकेतली सून माहेरी धाडलेली असते, नाहीतर कथेने सात वर्षांची लीप घेतलेली असते आणि सुनेचा चेहरा बदललेला असतो. म्हणून लग्न ठरलं की कथा ठरवणारे क्रिएटिव्हवाले अभिनंदनाच्या आधी विचारतात, "पुढचं काय प्लॅनिंग?" नायकाला हा प्रश्न कधी कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

कॅमेऱ्यासमोरच्या बाळाला नियम आहेत, हेही सांगायला हवं. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मिळकतीचे वीस टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. उत्तम नियम. त्याच सेटवर मेकअप रूममध्ये आजीच्या मांडीवर रडणारं अभिनेत्रीचं स्वतःचं बाळ मात्र 'पाहुणा'.

आणि गर्भपात. कायदा त्यासाठी सहा आठवड्यांची रजा देतो. सेटवर ती दोन दिवसांत उरकते, कारण आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली असते. ड्रेसच्या पेटीत फोमची खोटी पोटं असतात, महिन्याप्रमाणे लहानमोठी. मागे पट्ट्याने बांधायची, वर साडी. चौथ्या महिन्याच्या सीनला सातव्याचं पोट लागलं तर सीनचा मेळ सांभाळणारा कंटिन्युइटीवाला ओरडतो, ड्रेसदादा धावत येतो. डोहाळजेवणाचा सीन असेल, तर नुकताच गर्भ गमावलेल्या बाईलाही ते बांधूनच उभं राहावं लागतं. खोट्या पोटाची काळजी घ्यायला माणूस नेमलेला आहे.

स्मिता पाटील 1986 च्या डिसेंबरात गेल्या, बाळंतपणाला दोनच आठवडे झाले होते, वय 31. विठाबाई नारायणगावकर तमाशा चालू असताना कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांच्या नावाने आपलं शासन पुरस्कार देतं आणि प्रत्येक भाषणात हा प्रसंग कौतुकाने सांगतं. जिद्द, म्हणे. बाळंत बाईला त्या रात्री पुन्हा का नाचावं लागलं, हे कुठल्याच मंत्र्याने विचारलं नाही. तिकिटं विकली गेली होती म्हणून, साहेब. आजही कारण तेच आहे.

आमची मागणी भलीमोठी नाही. रंगपटाला लागून सहा बाय आठ फुटांची खोली. आतून कडी. टेकायला पाठ असलेली खुर्ची, बसल्या जागी हात पोचेल असा प्लग, वाहतं पाणी, छोटा फ्रीज, कंबरेच्या उंचीचा ओटा, झाकणाची कचरापेटी. पडदा चालणार नाही, दार हवं. शौचालयातून वाट नको. किल्ली रखवालदाराकडे नको, कारण तो चहाला गेलेला असतो. आणि नाटकाच्या प्रॉपर्टीच्या मोडक्या खुर्च्या ठेवायची ती जागा नाही, हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. चित्रीकरणाची परवानगी देताना हीच अट सेटला घाला. परवानगी तुमच्याच एक खिडकी योजनेतून जाते, तेव्हा अधिकार नाहीत असं सांगू नका. नव्या कामगार संहितेत दृक्श्राव्य कामगाराशी लेखी करार सक्तीचा आहे, त्या करारात बाळंतपणाचं एक कलम टाका. निर्मात्याने एकट्याने खर्च सोसायचा म्हटलं की तो गरोदर बाईला घेणारच नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणून चॅनेल, निर्माता आणि शासन असा तिघांचा निधी करा.

समिती नेमू नका. समितीत सगळे पुरुष असतात, एक ज्येष्ठ अभिनेत्री शोभेला असते, आणि अहवाल येईपर्यंत सरकार बदलतं, खातं बदलतं, फाइल 'विचाराधीन' राहते. कलावंतांच्या मानधनाचे अर्ज तसेच, नाट्यगृहांची दुरुस्ती तशीच, गळकी छपरं तशीच. तुमचा पक्ष कुठला याने काही फरक पडलेला नाही, आम्ही सगळ्यांच्या सभेत गणेशवंदना म्हटली आहे.

कक्ष रंगपटात कधी हलवणार, ती तारीख लेखी कळवा. बांधकाम खात्याने नकाशा मागितला तर आम्ही काढून देऊ.

आपल्या,
रंगपटातल्या काही आया