राष्ट्रपती भवनातल्या चहाचे कागद कुठे ठेवलेत? : सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : राष्ट्रपती व त्यांचे जोडीदार यांच्या सामाजिक-सांस्कृतिक कार्यक्रमांची कागदपत्रे कायमस्वरूपी जपण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

माझी मावशी जळगाव जिल्ह्यातल्या एका बचतगटाची अध्यक्ष होती. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना गटातल्या काही बायकांबरोबर तिला राष्ट्रपती भवनात बोलावणे आले. त्या चहाला आता पंधराएक वर्षे झाली, आणि चहाबरोबर काय दिले होते यावर तिच्यात आणि तिच्या दोन मैत्रिणींत अजून वाद आहे. एक म्हणते कचोरी, दुसरी म्हणते ढोकळा. मावशीला खाणे आठवतच नाही, कारण कप इतका पातळ होता की हातातून निसटेल या धास्तीने तिचे सगळे लक्ष कपावर होते. प्रतिभाताईंचे पती देवीसिंहजी यांनी मात्र पिकापाण्याची चौकशी केली हे तिघींनाही पक्के आठवते. अशोकमुद्रेचे निमंत्रण मावशीने अजून पाकिटासकट जपले आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, एका कोपऱ्याला कसर लागली आहे.

आयुष्यभर अमरावतीत ग्रंथपालाची नोकरी केल्यामुळे मला खोड आहे, वाद ऐकला की कागद शोधावासा वाटतो. त्या दिवशीची पाहुण्यांची यादी, फराळाचा तपशील, कोण कुठे बसले याचा तक्ता, हे सगळे कुठल्या तरी फायलीत लागलेच असणार. ती फाईल पुढच्या पिढीला मिळेल की नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

राष्ट्रीय अभिलेखागार आपल्या मंत्रालयाखाली येते. तिथली पद्धत आपल्याला मी सांगायला नको, पण वाचकांसाठी लिहितो. सरकारी फाईल बंद करताना तिच्यावर वर्ग मारतात. ‘ए’ आणि ‘बी’ वर्गाच्या फायली राहतात. ‘सी’ वर्गाच्या फायली ठरावीक मुदतीपुरत्या, फार तर दहा वर्षे, आणि नंतर त्या निकाली. आता विचार करा, कारकुनाच्या टेबलावर एकीकडे परराष्ट्र कराराची टिपणी आहे आणि दुसरीकडे जेवणाचा मेनू, निमंत्रितांची यादी आणि गायकाच्या साथीदारांच्या प्रवासभत्त्याचा कागद. ‘सी’चा शिक्का कशावर बसेल? त्या कारकुनाला मी दोष देत नाही. मीही चाळीस वर्षे असेच शिक्के मारले आहेत, आणि त्यातल्या काहींचा आज पस्तावा होतो.

आपण मराठी माणसे या बाबतीत जरा हळवी असतो, कारण आपल्याकडे पेशवे दफ्तर आहे. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आहेत. त्यात मोहिमा आणि तह आहेतच, पण मुदपाकखान्याचा खर्च, दक्षिणा, कुणाला कोणते वस्त्र दिले, कोणाकडून काय आहेर आला, हेही आहे. सवाई माधवरावांच्या १७८३ च्या लग्नाची नाना फडणविसांच्या कारभारातली व्यवस्थेची यादी प्रसिद्धच आहे. पाने कशी मांडायची इथपर्यंतच्या सूचना तिच्यात आहेत. त्या काळच्या पुण्यात कोण कोणाच्या पंक्तीला बसत होते हे आज सांगता येते ते असल्या ‘किरकोळ’ कागदांमुळे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पंगतीबद्दल आपल्याला इतके ठाऊक, आणि २००९ च्या चहाबद्दल तीन बायकांची भांडणे!

अमेरिकेत काय करतात ते सांगतो. तिथले सगळे अनुकरणीय असते असे मी मानत नाही, पण दप्तराच्या कामात ते पक्के आहेत. बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात व्हाइट हाउसच्या सामाजिक कार्यालयाच्या फायलींचा स्वतंत्र विभागच आहे. १३ नोव्हेंबर १९६१ ला पाब्लो कासाल्स यांनी व्हाइट हाउसमध्ये चेलो वाजवला. याच वाड्यात ते १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्टसमोर वाजवून गेले होते. २९ एप्रिल १९६२ ला ४९ नोबेल विजेते जेवायला होते. असल्या संध्याकाळींच्या निमंत्रितांच्या याद्या, आसनांचे आराखडे, मेनू, कोण येऊ शकले नाही त्याच्या नोंदी, सगळे ठेवतात. जॅकलीन केनेडींनी कलावंतांना त्या घरात कसे आणले, यावर अभ्यासक काही बोलू शकतात ते या कागदांच्या आधारावर. आपले राष्ट्रपती राधाकृष्णन जून १९६३ मध्ये केनेडींकडे गेले होते, त्या भेटीची छायाचित्रे मी अमरावतीत बसून पाहिली. परक्या घरातला आपल्या माणसाचा पाहुणचार बॉस्टनने जपला.

तिथे १९७८ पासून कायदाच आहे. अध्यक्षांचे कागद राष्ट्राच्या मालकीचे, अध्यक्ष पायउतार झाल्यावर पाच वर्षांनी मागता येतात, काही बाबी बारा वर्षांपर्यंत रोखता येतात. ८ नोव्हेंबर २०१० च्या रात्री प्रतिभाताईंनी ओबामा दाम्पत्याला राष्ट्रपती भवनात मेजवानी दिली. त्या एकाच जेवणाचे दोन घरांत कागद झाले असतील. त्यांच्या घरचे २०२२ पासून मागता येतात. आपल्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे अभिलेखागारात गेलेले, गोपनीय नसलेले कागद तीस वर्षांनंतर संशोधकाला बघता येतात. म्हणजे २०४०, आणि तेही ते तोवर टिकले तर.

यात सर्वांत अधांतरी आहे तो राष्ट्रपतींच्या जोडीदाराचा कागद. घटनेत त्यांना पद नाही. मग त्यांना आलेले पत्र सरकारी की घरगुती? २००७ मध्ये ‘राष्ट्रपती’ हा शब्द बाईंना लावायचा कसा यावर केवढी चर्चा झाली होती. तिच्या मानाने राष्ट्रपतींच्या पतींच्या कागदांचे काय, हे कोणी विचारले नाही. देवीसिंह शेखावत म्हणजे अमरावतीचे पहिले महापौर, माजी आमदार, शिक्षणसंस्था चालवलेला माणूस. पाच वर्षे त्यांना कोण कोण भेटले आणि काय मागत होते, हा विदर्भाच्या इतिहासाचाच तुकडा आहे. २४ फेब्रुवारी २०२३ ला ते गेले. विचारायचे राहिले ते राहिलेच.

त्यांच्या आधीच्यांचेही बघा. फखरुद्दीन अली अहमद यांच्या पत्नी बेगम आबिदा अहमद यांनी १९७४ मध्ये दिल्लीत गालिब इन्स्टिट्यूटच्या आश्रयाने उर्दू नाटकमंडळी उभी केली. उषा नारायणन जन्माने ब्रह्मदेशच्या, माहेरचे नाव मा टिंट टिंट. तेव्हा परराष्ट्र सेवेत अधिकारी असलेल्या के. आर. नारायणन यांना परदेशी मुलीशी लग्न करायला नेहरूंची खास परवानगी लागली होती. पुढे त्यांनी ब्रह्मी कथांचा अनुवाद केला. आणि माझी आवडती गोष्ट राष्ट्रपती वेंकटरामन यांच्या पत्नी जानकी यांची. १९९० च्या सुमारास त्यांनी आंध्रातल्या हातमाग सहकारी संस्थेच्या एका अधिकाऱ्याला विचारले, किडा न मारता रेशमी साडी विणता येते का? त्या प्रश्नामागे लागून त्या गृहस्थाने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि अहिंसा रेशीम बाजारात आणले. दौऱ्यातल्या जेमतेम मिनिटभराच्या बोलण्यातून एक धंदा निघाला. असे संवाद कोणत्या रजिस्टरात उतरतात?

भेटवस्तूंचा हिशेब मात्र आपण ठेवतो. अमरावतीतल्या संग्रहालयासाठी उसन्या दिलेल्या प्रतिभाताईंच्या भेटवस्तू राष्ट्रपती भवनाने परत मागवल्या होत्या, आता तर ‘ई-उपहार’ पोर्टलवर भेटवस्तूंचा लिलावही होतो. त्यात गैर काही नाही. पण चांदीच्या हत्तीला नोंदणी क्रमांक मिळतो, आणि तो हत्ती घेऊन आलेला माणूस काय बोलला याला मिळत नाही, हे मला टोचते.

राष्ट्रपती सचिवालयावर आपला हुकूम चालत नाही, याची मला कल्पना आहे. पण अभिलेखागाराच्या महासंचालकांमार्फत आपण दोन गोष्टी करू शकता. राष्ट्रपती भवनातल्या समारंभांच्या फायली, निमंत्रितांच्या याद्या, मेनू, कार्यक्रमपत्रिका आणि जोडीदारांचा पत्रव्यवहार यांना ‘सी’ वर्ग लावू नये, असे तिथल्या अभिलेख अधिकाऱ्याशी बोलून ठरवावे. पाहुण्यांचे फोन-पत्ते झाका, सुरक्षेचे कागद वेगळे काढा, पण फाईल फाडू नका. आणि अभिलेखागार खासगी कागद स्वीकारतेच. राजेंद्रप्रसादांचे कागद तिथे आहेत, कलामसाहेबांचेही आले आहेत. कलामसाहेब अविवाहित होते हे खरे, पण रामेश्वरमहून आलेल्या पन्नासेक नातलगांच्या मुक्कामाचे साडेतीन लाख त्यांनी खिशातून भरल्याचे त्यांच्या सचिवांनी लिहून ठेवले आहे. राष्ट्रपती घरी कसे राहत होते, ते अशा बिलावरून कळते. तर प्रतिभाताईंच्या काळातले कागद, आणि आठवणी सांगणारी माणसे, अमरावती-जळगाव-पुण्यात अजून आहेत. एक माणूस आणि एक ध्वनिमुद्रक पाठवा. मोडीइतके अवघड काही नाही त्यात.

मावशी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. निमंत्रण द्यायला ती तयार आहे, पण पोचपावती हवी म्हणते. कसर झटकून, पाकिटासकट, मी ते आम्लमुक्त कागदात गुंडाळून ठेवले आहे. ते कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या नावे पाठवायचे, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल, अमरावती