केबिनच्या काचेबद्दल बाळूला

मुसफ्फा, अबू धाबी
२० जून

चि. बाळूस अनेक आशीर्वाद. आई आणि आबांना साष्टांग नमस्कार.

परवा तू पोकलेनच्या सीटवर बसून व्हिडिओ कॉल केलास. मशिनच्या लांब हाताला, बूमला घातलेला हार दाखवलास, आईने लावलेलं हळदकुंकू दाखवलंस. मला फार आनंद झाला. पण माझं लक्ष तुझ्या समोरच्या काचेकडे होतं. पलीकडे क्रशर आहे की डंपर, मला ओळखू येईना. विचारलं तर म्हणालास, "डिझेलचा बोळा फिरवतो की रोज." फोनवर सांगितलं असतं तर "हो दादा" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून लिहायला बसलो. इथे १५ जूनपासून दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, त्या वेळात लिहितोय.

आधी डिझेल बंद कर. पुसल्यावर काच चमकते, पण तिच्यावर तेलकट थर राहतो आणि तासाभरात खडीची सगळी भुकटी त्यावर चिकटते. रात्रपाळीला समोरून डंपरचे दिवे आले की त्या थरावर उजेड पसरतो आणि मधला माणूस दिसत नाही. वायपरचं रबरही डिझेलने फुगतं.

आता जे लिहितोय ते आईला वाचून दाखवताना गाळ. इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी रोज सकाळी कॉटन वेस्टच्या गोळ्याने कोरडीच काच पुसायचो. कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. कठीणपणाच्या मापात काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी ७. म्हणजे मी रोज सकाळी काच घासून काढत होतो. सकाळच्या उजेडात काही कळायचं नाही. एका संध्याकाळी मशिन पश्चिमेकडे तोंड करून होती. सूर्य खाली आला आणि सगळे ओरखडे एकदम पेटल्यासारखे चमकले. समोर पांढरंच. सिग्नल देणारा माणूस खोदायच्या बकेटच्या बाजूला सरकला होता, तो मला दिसलाच नाही. त्याची शिट्टी ऐकू आली म्हणून हात थांबला. त्याला काही झालं नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि अजून कधी सूर्य समोर आला की ती शिट्टी आठवते.

त्यानंतर पेशावरकडच्या एका म्हाताऱ्या ऑपरेटरने मला काच धुवायला शिकवली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांचं पहिलं सांगणं असं, की फडकं काचेला लागायच्या आधी पाणी लागलं पाहिजे. वरून तांब्याने पाणी सोडायचं, धूळ आपोआप वाहून जाऊ द्यायची. मग बादलीत थोडा गाडीचा शाम्पू घालून मऊ फडक्याने वरून खाली यायचं, दाबायचं नाही. फडकं दर वेळी पिळून, झटकून घ्यायचं. मग परत पाणी, आणि लगेच कोरडं करायचं. तुमच्या क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटीही काही मऊ नाही, काचेला ती पुरून उरते.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे मी विसरलो नाही. अर्धी बादली पुरते. पण बोअरचं पाणी काचेवर वाळू देऊ नकोस, क्षाराचे पांढरे ठिपके बसतात आणि मग निघता निघत नाहीत. बसलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडकं भिजव, पाच मिनिटं काचेवर ठेव, मग धू. सिमेंटचा शिंतोडाही असाच भिजवून काढ, ब्लेडने खरवडू नकोस. संडासाचं ॲसिड कुणी आणून दिलं तरी हात लावू नकोस, रबर आणि रंग दोन्ही खाईल.

फडक्यासाठी बाजारात जाऊ नकोस. आईने जुने सोलापुरी टॉवेल पुसण्यासाठी काढून ठेवलेत ना, त्यातले दोन माग. बरेचदा धुतलेलाच घे, नव्याचे तंतू काचेला चिकटतात. एक बाहेरच्या काचेला, एक आतल्या. आतून घाम, विडीचा धूर आणि तापलेल्या प्लास्टिकचा थर बसतो, तो आपल्याला रोज बघून दिसेनासा होतो. कोरडं करताना आतून उभे हात मार, बाहेरून आडवे. म्हणजे रेघ राहिली तर कोणत्या बाजूची ते लगेच कळतं.

वरच्या खिडकीचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच मशिनींत ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्याला पेट्रोल, थिनर लागलं तर बारीक तडे जातात. रद्दी पेपरनेही ओरखडतं. तिथे फक्त शाम्पूचं पाणी.

आणि उजवी बाजू. बाळू, हे दोनदा वाच. केबिन डावीकडे, बूम उजवीकडे, म्हणून उजवी काच पुसायला हात पोचत नाही आणि सगळे तीच सोडून देतात. पण उजवीकडे वळताना त्याच काचेतून बघावं लागतं. ती पुसायची असेल तर बकेट जमिनीवर टेकव, लिव्हर लॉक कर, इंजिन बंद कर, किल्ली खिशात घाल. मग लांब दांड्याचा ब्रश घे. इंजिन चालू असताना बूम आणि केबिनच्या मध्ये कुणाला उभं करू नकोस, हेल्परला तर नाहीच. तो पोरगा तू सांगशील ते करेल, म्हणून सांगायची जबाबदारी तुझी. मशिन ज्यावर चालते त्या चेनवर चढताना दोन्ही हातांना पकड असू दे. ओल्या चेनवरून पाय सटकतो.

वेळ सकाळचीच ठेव. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं आणि तिला खडा लागून टवका उडालेला असला, तर तडा थेट कडेपर्यंत धावतो. शिवाय शाम्पू जागीच वाळून डाग पडतात. वायपरच्या रबरावरून बोट फिरवून बघ. कडक झालं असेल किंवा खडीचा कण रुतला असेल तर मालकाला सांगून नवीन बसव, आणि कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नकोस. जाता जाता आरसे आणि मागच्या कॅमेऱ्याची काचही पूस.

हे काम हेल्परवर सोडू नये असं माझं मत आहे. सीटवरून कुठे बघावं लागतं ते फक्त ऑपरेटरला माहीत असतं. मालक म्हणेल, दहा मिनिटं मशिन उभी का? तर त्याला माझा नंबर दे, मी बोलतो.

आबा यंदा दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जाणार आहेत का? गुडघा कसा आहे ते खरं कळव. येणाऱ्या कुणाबरोबर शेंगाचटणी पाठवायला आईला सांग, मागची चाचांनीच अर्धी संपवली.

उद्या संध्याकाळी सूर्य समोर असताना सीटवर बसून समोरच्या काचेचा फोटो काढून पाठव. मशिनचा बाहेरून नको. मग उजव्या काचेचाही.

तुझा,
दादा