दोन वर्षांचे मूलही प्रेक्षकच असते

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पणजीत २०१६ पासून डिसेंबर महिन्यात भरत आलेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाला मी माझ्या सव्वादोन वर्षांच्या नातीला घेऊन गेलो होतो. तिथल्या एका दालनात एका सद्गृहस्थांनी, अगदी सभ्य शब्दांत, मला विचारले की इतक्या लहान मुलांना इथे आणून काय उपयोग. त्यांना यातले काय कळणार, आणि मोठ्यांना तरी काय नीट पाहता येणार? त्या वेळी मी काही बोललो नाही. परंतु हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि त्यामुळेच पुष्कळ पालक मूल शाळेत जाईपर्यंत अशा ठिकाणी फिरकत नाहीत, म्हणून त्याचे उत्तर आपल्या पत्रातून द्यावेसे वाटते.

आम्ही फोंड्याहून कदंब बसने गेलो. हा महोत्सव एका मंडपात मावणारा नाही. मांडवीच्या काठाने आणि शहरात ठिकठिकाणी तो पसरलेला असतो. मोठी माणसे एक दालन आटोपून लगबगीने दुसऱ्याकडे निघतात. लहान मुलाच्या लेखी मात्र मधला रस्ता हाही महोत्सवच असतो. जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याच्या, शेजारी संमोहनविद्येचे गोमंतकीय प्रवर्तक आबे फारिया यांचा, समोरच्या स्त्रीला संमोहित करतानाचा, पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून तिथे उभा आहे आणि मी तो जन्मभर येता-जाता पाहत आलो आहे. नात त्याच्यासमोर थांबली, फारियांसारखे दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि मग त्यांच्यापुढच्या स्त्रीकडे बोट दाखवून म्हणाली, "पडली!" ती स्त्री झोपलेली नाही, तिचा तोल गेला आहे आणि ती या क्षणी मागे कोसळते आहे, हे इतक्या वर्षांत मला त्या दिवशी प्रथम नीट दिसले. कोणाला काय कळते, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तिथेच मिळाले.

पुढे आम्ही जुन्या गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) संकुलात गेलो. पणजीत १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे हे महाविद्यालय बांबोळीला हलले, त्याआधी याच इमारतीत मी माझ्या वडिलांच्या उशाशी रात्री काढल्या आहेत. (त्या व्हरांड्यातून माझी नात खिदळत धावेल असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मला ते खरे वाटले नसते.) एका खोलीत रंगवलेल्या कापडाच्या लांब पट्ट्या छतापासून सोडल्या होत्या. आम्ही सगळे वर पाहत होतो. नातीने वर पाहिलेच नाही. पट्ट्यांच्या सावल्या फरशीवर हलत होत्या आणि ती प्रत्येक सावली पाय उचलून, जपून ओलांडत होती, जणू ओहोळावरचे दगड. एक फेरी झाली, दुसरी झाली. सात-आठ मिनिटे तरी हे चालले. त्या खोलीत इतका वेळ दुसरे कोणी थांबले नाही.

तिने कापडाकडे हात नेला तेव्हा तिथली स्वयंसेवक मुलगी ओरडली नाही. ती गुडघ्यांवर बसली, नातीच्या डोळ्यांच्या पातळीवर आली आणि कोकणीत हळूच म्हणाली की ते झोपले आहे, आपण लांबूनच बघूया. नातीने ओठांवर बोट ठेवले आणि बाहेर पडेपर्यंत काढले नाही. कलाकृतीला धक्का लागू नये ही काळजी रास्तच आहे, परंतु ती मुलांना दाराबाहेर न ठेवताही घेता येते.

पालकांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या गर्दीत मुलाला नेऊ नये. मधल्या वारी, त्याची झोप झालेली असताना न्यावे. एका दिवसात दोन ठिकाणे पुष्कळ झाली. मूल रडू लागले तर प्रदर्शन अर्धे टाकून उठावे. आम्हीही तसेच उठलो आणि बेतीच्या फेरीबोटीतून एक फेरी मारून आलो. तिला तीही महोत्सवाचाच भाग वाटली असावी.

गोव्यात आणि गोव्याबाहेर असे महोत्सव भरवणाऱ्या सर्वांनाच माझी विनंती आहे, की मांडणी करताना दोन-अडीच फूट उंचीचा प्रेक्षकही गृहीत धरावा. चित्रे मोठ्यांच्या नजरेला लावली जातात, ते समजण्यासारखे आहे. पण प्रत्येक ठिकाणी एखादी तरी वस्तू खाली, मुलांच्या नजरेच्या टप्प्यात आणि हात लावण्यासाठीच ठेवलेली असावी. अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी आडोसा, बाळाचे कपडे बदलण्याची जागा आणि पिण्याचे पाणी कुठे आहे, हे महोत्सवाच्या नकाशावर दालनांइतक्याच ठळकपणे छापावे. जुन्या वास्तूंमध्ये जिने चढावे लागतात, तिथे बाबागाडी खाली ठेवून तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी एखादा स्वयंसेवक नेमावा. आणि त्या मुलीसारखे गुडघ्यांवर बसून बोलणे स्वयंसेवकांना आधीच शिकवता आले, तर फारच उत्तम.

कळावे,

आपला,
एक आजोबा, फोंडा