नायगमवाला दालन आणि गच्चीवरची दुर्बीण : जेऊरकरांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचे सर्व सभासद, गावातले आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेले जेऊरकर, तसेच आमचे नेहमीचे हितचिंतक यांना हे पत्र आहे. कार्यकारिणीने दोन कामे हाती घेतली आहेत. वरच्या खोलीत पुण्याचे ज्योतिर्विद कै. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या कार्याचे कायमचे दालन करायचे आहे आणि गच्चीवर आठ इंची दुर्बीण बसवायची आहे. "हे नायगमवाला कोण?" असे अजूनही विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांत आपले जुने सभासदही असतात, म्हणून आधी तेच सांगतो.

२२ जानेवारी १८९८, शनिवार. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गापाशी किनाऱ्याला लागली आणि आपल्या करमाळा तालुक्यावरून पुलगावकडे सरकत गेली. रेल्वेची सोय आणि जानेवारीतले कोरडे आभाळ, दोन्ही जेऊरला होते. (आपले जेऊर. नगरजवळचे नव्हे. हा घोळ दर वेळी होतो.) कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन इथे आले. आणि त्याच शिवारात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून आपली तुकडी आणि वर्णपटाची (प्रकाश रंगांत फोडून त्यातल्या रेषा तपासण्याची) उपकरणे घेऊन नायगमवाला उतरले होते. आदल्याच वर्षी प्लेगने पुण्याची दैना केली होती, हेही ध्यानात घ्या. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. त्यातही सूर्यबिंब पूर्ण झाकले जाते त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एकदम उजळतात आणि क्षणा-दोन क्षणांत मावळतात. तेवढ्यात कॅमेऱ्याची फोटोची काच उघडून बंद करायची, हात कापला की संपले. या कामाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईत छापला गेला आणि त्याच्या नावातच 'जेऊर' आहे.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए. झाले आणि तिथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला उपकरणे आणायला इंग्लंडला गेले, तिथल्या मोठ्या ज्योतिर्विदांशी बोलले, आणि नुसत्या प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच करायची असे ठरवून परतले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या (म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) आवारात १८८८ च्या सुमारास ती उभी राहिली. तिथली डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातली सर्वांत मोठी होती. देणगीदाराने ५,००० रुपये दिले आणि त्यातून काय उभे राहिले, हे सर्वांनी दोनदा वाचावे ही विनंती.

त्यांचे एक काम तर प्रत्येक शाळेत सांगण्यासारखे आहे. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियममुळे उमटलेल्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लंडनचे नॉर्मन लॉकियर ठासून सांगत. लॉकियर म्हणजे त्या काळचे बडे प्रस्थ, नायगमवालांना मार्गदर्शन करणारे. नायगमवालांनी १८९१ साली पुण्याहून निरीक्षणे छापली : रेषा कोणत्याही स्थितीत बारीक आणि रेखीवच दिसते, पट्ट्याचा मागमूस नाही. गुरूचा मान ठेवला, पण डोळ्यांना दिसले तेच लिहिले. ही रेषा ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ साल उजाडले.

१९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागले. दुर्बीण कोडईकनालला गेली.

आता थोडे मनातले. त्याच ग्रहणासाठी लॉकियर विजयदुर्गावर आले होते. तिथल्या 'साहेबाच्या कट्ट्यां'वर आज सहली जातात. (१८६८ साली तिथूनच त्यांना हेलियम सापडला असे सांगतात. १८६८ साली ते इंग्लंडात होते!) साहेबाच्या कट्ट्याला पर्यटक, आणि जेऊरला साधी पाटीही नाही. स्टेशनावर फलक लावावा म्हणून आम्ही रीतसर अर्ज दिला, त्याची पोचही आली नाही. २०२३ साली या ग्रहणाला १२५ वर्षे झाली. रविवार होता, चहा ठेवला होता, व्याख्याते पुण्याहून स्वखर्चाने आले होते. गावातली किती मंडळी आली हे लिहीत नाही. त्याच दिवशीच्या लग्नाच्या पंगतीत मात्र सगळे भेटले.

असो. ज्यांनी साथ दिली त्यांचे ऋण मोठे आहे. निवृत्त रेल्वे गार्ड काकांनी आपली तीन इंची दुर्बीण वाचनालयाला दिली, तिच्यावरच आजवरचा सगळा कारभार चालला आहे. नळीची पकड ढिली झाली, ती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळली आहे. कंदरच्या केळी बागायतदार बंधूंनी गच्चीचा जिना आणि कठडा स्वतः उभे राहून बांधून दिला, नाव लावायला नको म्हणाले. भूगोलाच्या बाईंनी पहिला पेन्शनचा हप्ता पुस्तकांसाठी दिला. मोटर चालू करायला रात्री रानात निघालेले शेतकरी वाटेत गच्चीवर चढतात, शनीची कडी बघतात आणि कट्ट्यावर वीस-पन्नास ठेवून जातात. हा पैसा आम्ही वहीत वेगळा लिहितो.

घाई कशाची? २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, सायंकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग आडवे येतीलही. पण आभाळ उघडले आणि शाळेची पोरे एक्स-रेच्या फिल्मा डोळ्यांना लावून बसली, तर जबाबदार आपण. दुर्बीण, तिचे सूर्यासाठीचे गाळणे (फिल्टर) आणि पोरांचे ग्रहणचष्मे त्याआधी हवेत. दुकानदार निम्मी रक्कम आगाऊ मागतो.

एकूण अंदाज १,८५,००० रुपये (दुर्बीण व गाळणे ७०,०००, दालनाचे फलक, कपाट व वायरिंग ९५,०००, चष्मे व किरकोळ २०,०००). शिल्लक ४१,०००. रोख, चेक वा यूपीआय, काहीही चालेल. क्यूआर कोड वाचनालयाच्या दारावर आहे, बाहेरगावच्यांनी ओळखीच्या सभासदाकडून मागवून घ्यावा. पावती सायंकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. आयकर सवलत मिळत नाही. ५,००० व त्यावरील देणगीदारांची नावे दालनात लागतील, नको असल्यास तसे कळवावे. सुतारकाम, रंगकाम, वायरिंग करून देणाऱ्यांचे काम देणगी म्हणूनच धरू. गणपतीची वर्गणी आणि ही वेगळी, कृपया एकात मिळवू नये.

आणखी एक. कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत त्या ग्रहणाच्या वेळचा एखादा फोटो, पत्र, रेल्वेचा कागद, काहीही असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा दाखवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहील, आम्ही फक्त स्कॅन करून घेऊ.

आपला नम्र,
सचिव (खजिनदारांची जागा रिकामी असल्याने तूर्त तेही)