विषय : क्रीम रंगाच्या फ्लोरिबंडा (झुबक्यांनी फुलणाऱ्या) गुलाबाच्या नावाखाली पाठवलेल्या खुंटाबाबत

महोदय,

आपल्या ग्राहक कक्षाशी आज झालेल्या चौथ्या संभाषणानंतर नमस्कार-चमत्कारासाठी लागणारे सौजन्य माझ्याकडे उरलेले नाही.

मागील वर्षी आपण 'फ्रेंच लेस' या गुलाबाच्या जातीची चिठ्ठी बांधून दोन वर्षांच्या हमीसह पाठवलेल्या कलमाला यंदा प्रथमच फुले आली. ती पांढरी, बोटाच्या पेराएवढी आणि जेमतेम पाच पाकळ्यांची आहेत. बुडाची माती उकरल्यावर दिसले, की भरलेला डोळा, म्हणजे कलम केलेल्या जातीचा अंकुर, केव्हाच वाळून काळा पडला असून जोमाने वाढलेली फांदी जोडाच्या खालून, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्या खुंटातून फुटलेली आहे. पानाच्या देठाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णे (छोटी जोडपाने) आहेत. हा मल्टिफ्लोरा या जंगली गुलाबाचा खुंट आहे, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नसावी.

आजच्या प्रतिनिधींनी मात्र मला समजावले, की क्रीम रंग उन्हात फिकट होतो, तेव्हा फूल सावलीत पाहावे. रंग उडतो हे मलाही ठाऊक आहे. परंतु उन्हाने पाकळ्याही उडतात, हे ज्ञान नवीन होते. भरगच्च पाकळ्या, मध्यभागी जर्दाळूची छटा, झुबक्यातील मधली कळी आधी उमलणे आणि हंगामभर पुन्हा पुन्हा बहर येणे, ही 'फ्रेंच लेस'ची लक्षणे मी एकेक करून सांगितली. त्यावर बराच वेळ संगीत ऐकवण्यात आले आणि अखेर उत्तर आले, "पण सर, झुबक्यातच आलीत ना? आणि फूल गुलाबाचंच आहे ना?" झुबका तर खुंटालाही येतो, महोदय, आणि तो वर्षातून एकदाच येतो. 'फ्रेंच लेस'ला 1982 साली ऑल-अमेरिका रोझ सिलेक्शन्स या अमेरिकेतील गुलाब-पुरस्काराचा मान मिळाला, असे आपलेच माहितीपत्रक अभिमानाने सांगते. तो पाच पाकळ्यांसाठी मिळाला नसावा.

फोटो तीनदा पाठवले, तिन्ही वेळा ते 'अस्पष्ट' ठरले. पाच पाकळ्या मोजण्यास किती स्पष्टता लागते, हे कळवावे. आपल्याकडून वर्षानुवर्षे रोपे घेतल्यामुळे याचे अधिकच वाईट वाटते.

पंधरा दिवसांत, डोळा जिवंत असल्याची खात्री करून त्याच जातीचे कलम विनामूल्य पाठवावे किंवा वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा उपटलेला खुंट, चिठ्ठी आणि हमीपत्र घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. उत्तर लेखीच द्यावे. फोन करू नये.

आपला,
एक जुना ग्राहक