आवाहन : हॉलची किल्ली लेकरांकडे आहे, छपराचे आपण बघू

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सर्व मंडळीजनांना सप्रेम सलाम.

ईस्टरच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी घोषणा केली होती, पण तोवर निम्मी मंडळी चहाकडे वळली होती, म्हणून लेखी कळवतो. सुटीची बायबल शाळा यंदा सोमवार, ४ मेपासून आहे. हॉलचे पत्रे गळतात आणि दिवस थोडे उरलेत. पैशांचे खाली लिहितो. आधी गेल्या मे महिन्यात काय झाले ते सांगू द्या, नाहीतर हा कागद म्हणजे चिटणीसाचे दरवर्षीचे रडगाणे वाटायचे.

गेल्या वर्षी शाळेच्या आदल्या शनिवारी आपण मोठी माणसे चौघे होतो. एकाच्या घरी लग्न निघाले, एका ताईंच्या सासूबाई दवाखान्यात, आणि एक जण 'बघतो' म्हणाले ते अजून बघतच आहेत. उरलो मी. शाळा रद्द केल्याची चिठ्ठी फलकावर लावायला निघालो होतो. तेवढ्यात तरुण संघातली एक मुलगी दारात आली. तिचा दहावीचा निकालसुद्धा लागायचा होता. म्हणाली, "सेक्रेटरीकाका, तुम्ही फक्त किल्ली द्या." मी दिली. खरे सांगायचे तर भरवशाने नाही, थकून दिली.

सोमवारी सकाळी सहाला जाऊन बघतो तर हॉल झाडलेला, सतरंज्या अंथरलेल्या, दोन माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून कडुलिंबाखाली ठेवलेले. तेरा ते एकोणीस वयाची चौदा लेकरं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वेळ बदलली. आपण इतकी वर्षे शाळा दहाला भरवत होतो. का, तर आमच्या लहानपणी दहाला भरायची. जालन्याच्या मे महिन्यात दहाला पत्र्याखाली बसवून लेकरांना बायबलातल्या सारफथच्या विधवेचा दुष्काळ शिकवायची गरज नाही, तो आपोआप कळतो. यांनी साडेसहा ते साडेनऊ केली आणि पटावरची बावीस लेकरं तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट झाली.

येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कयाच्या गोष्टीला उंबराचे झाड नव्हते, म्हणून आमचा जक्कय कडुलिंबावर चढला. मुंगळे चावल्यामुळे तो येशूने हाक मारायच्या आधीच खाली आला, आणि लहानग्यांनी गोष्ट तशीच पाठ केली आहे. जुन्या पायमोज्यांच्या बाहुल्या करून योनाला गिळणारा मासा केला. पण मला विसरता येत नाही तो एक मुलगा. बोलताना अडखळतो, म्हणून उपासनेत शास्त्रपाठ वाचायला आम्ही त्याला कधी उभे केले नाही. आपल्या मते ती दया होती. इथे तो बालवर्गाला रोज गोष्ट सांगत होता. तो अडला की लेकरं तो शब्द ओरडून पुरा करायची. त्याने त्याचाच खेळ केला. शेवटी शेवटी तर मुद्दाम अडखळायचा.

आणखी एक. हजेरीच्या वहीत त्यांनी एक रकाना जास्तीचा आखला होता : 'घरी कोण नेणार'. नाव लिहिल्याशिवाय एकही लेकरू फाटकाबाहेर सोडले नाही. मी घाईत असताना मलाही थांबवले, माझ्याच नातीसाठी. मी पंचवीस वर्षे या हॉलचा कारभार पाहतो. हा रकाना मला सुचला नव्हता.

मग सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आली. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठची गावे पाण्यात गेली. आपण मोठी माणसे मदतीची बैठक शनिवारी घ्यावी की रविवारी, यावर फोन करत होतो. तोवर यांनी घरोघर फिरून पीठ, चादरी आणि साड्या तर जमवल्याच, शिवाय वह्या, पेनं आणि दप्तरं जमवली. पाण्यात पुस्तकंही वाहून गेली असतील, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

लेकरांची नावे इथे देत नाही, फोटोही नाही. पालकांनी तसे ठरवले आहे आणि ते योग्यच आहे. ही लेकरं देवदूत आहेत असेही नाही. माइक त्यांनीच बिघडवला. ढोलकीवरून जे झाले ते पुन्हा उगाळत नाही, दोन्ही बाजू माझ्याशी आता बोलतात.

आपला वारसा आठवा. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा तेही तरुणच होते. पुढे ते या निजामाच्या मुलखात आले आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये कामकरी पोरांसाठी रविवारची शाळा काढली, तिचीच नात आपली शब्बाथशाळा. आणि हे फारसे कोणाला माहीत नसेल : न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८९८ साली एका बाईंनी सुटीतली बायबल शाळा भरवली ती भाड्याच्या बिअर हॉलमध्ये. दुसरी जागा मिळाली नाही. आपल्याला स्वतःचा हॉल आहे. फक्त तो वरून उघडा पडत चालला आहे.

हा हॉल कसा उभा राहिला हे जुन्यांना ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला जायच्या, घरात लाल मिलो ज्वारी आणि लेकरांना सुकडी. त्याही दिवसांत रोजच्या स्वयंपाकातून देवासाठी काढलेल्या मूठ धान्याचे डबे रिकामे आले नाहीत. त्या मुठींतून हा पाया भरला. नंतर खिडक्या दिल्या त्या रेल्वेतल्या दादांनी, पंखे निवृत्त हेडमास्तरांनी. आपल्या सिस्टरबाईंनी पेन्शनचा पहिला महिना जसाच्या तसा पाकिटात घालून आणला आणि वर 'हिशोब नको' लिहिले. हिशोब तरीही दिला आहे, वही पाहावी. बाजारगल्लीतल्या काकूंनी गेल्या मेमध्ये दहा दिवस पोहे-उपमा स्वतःच्या गॅसवर केला, ते नाव छापू नका म्हणाल्या आहेत, म्हणून छापत नाही, पण पोह्यांत शेंगदाणे कोण इतके घालते हे सगळ्यांना माहीत आहे. आणि हंगामाच्या सणाला अंबडकडच्या भावांनी अर्पणाला आणलेली मोसंबीची डाल! लिलावात घेणाऱ्याने परत दिली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत दिली. एकच डाल तीनदा विकली गेली आणि मोसंबी शेवटी लेकरांनी खाल्ली. अशी माणसे आपल्यात आहेत म्हणूनच मागायचा धीर होतो.

पण एक बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी छपरासाठी आपण एकशेवीस पाकिटे वाटली. एकोणीस परत आली. त्यातली दोन रिकामी होती. व्हॉट्सअॅपवर मात्र जोडलेल्या हातांना तोटा नव्हता. त्याच महिन्यात आपल्यातल्या एका वरातीला दोन बँड होते आणि मीही त्यात नाचलो, म्हणून जास्त बोलत नाही. ऑगस्टमध्ये शब्बाथशाळा चालू असताना गळती सुरू झाली तेव्हा लेकरांनी बादल्या मांडल्या आणि तिथेच नोहाच्या महापुराची गोष्ट घेतली. बाकीचे हसले. मला हसू आले नाही.

आता कामाचे, थोडक्यात. पत्रे, अँगल, मजुरी मिळून ७८,००० रु., शाळेचा खर्च (वह्या, रंगखडू, नाश्ता, पाण्याचे जार, खेड्यांवरून लेकरं आणायला काळीपिवळी) २४,००० रु., एकूण १,०२,००० रु.; जमा ३१,५०० रु.; कमी पडतात ७०,५०० रु. पत्र्याचे काम शाळेआधी, वळवाच्या वादळाआधी व्हायला हवे, म्हणून २६ एप्रिलच्या रविवारपर्यंत द्यावे. पावतीपुस्तक खजिनदारांकडे व माझ्याकडे, क्यूआर कोड व्हरांड्यातल्या फलकावर. पावतीशिवाय कोणाकडेही, अगदी माझ्याकडेही, पैसे देऊ नयेत. आयकरातली ८०जीची सूट नाही, नंतर विचारू नये. परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आपली नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांनी कृपया पैसे पाठवू नयेत, प्रार्थना चालेल. वस्तू चालतील : चालू कूलर, चांगल्या सतरंज्या, दुरुस्त होणारा माइक (वर पाहा). जुने कपडे नकोत.

पैसे जमत नसतील तर सकाळ द्या. रोज दोन मोठी माणसे, त्यात एक तरी बाई, हॉलमध्ये पूर्ण वेळ हवीत. ही अट लेकरांनीच घातली आहे : लहानांच्या शाळेत मोठे माणूस डोळ्यांसमोर पाहिजे. शिकवायचे नाही, मध्ये बोलायचे नाही, बसायचे आणि माठ भरलेला ठेवायचा. ४ ते १४ मे, रविवार सोडून दहा दिवस, म्हणजे वीस जागा. आजवर भरल्या सात. त्यातल्या दोन माझ्या आणि आमच्या हिच्या. यंदा बारावीत जाणाऱ्या लेकरांना तीनच दिवसांचे काम द्यायचे ठरले आहे, त्यामुळे हात कमी आहेत. खेड्यांवरच्या मंडळ्यांनी लेकरांची संख्या १ मेपर्यंत कळवावी, नाश्ता मोजून करावा लागतो. समारोप रविवार, १७ मे, सकाळच्या उपासनेत. शास्त्रपाठ कोण वाचणार ते ठरले आहे, आणि या वेळी तोही हो म्हणाला आहे.

आपला नम्र,
चिटणीस, मंडळी कार्यकारिणी, जालना

ता. क. हॉलची निळी मोठी सतरंजी नाताळपासून सापडत नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी व्हरांड्यात ठेवून जावी. कोणी काही विचारणार नाही.